ब्लॉक झालेल्या संकेतस्थळांच्या नोंदी : सांगली, एप्रिल ते नोव्हेंबर २०२२

१८ एप्रिल

वाचनालयाच्या संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांवर नव्याने विंडोज टाकलं. व्याख्यानमालेची चित्रमुद्रणं सभासद इथे बसून बघतात, त्यासाठी व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर लागतं. ते उतरवायला गेलो तर ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचं संकेतस्थळच उघडेना. बाकी सगळं चालू. मॅडमनी केबलवाल्याला फोन केला, त्याने राउटर बंद-चालू करायला सांगितलं. केलं, फरक शून्य.

मोबाइलच्या डेटावर बघितलं तेव्हा कोरं पान आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ : इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या आदेशावरून, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली हे संकेतस्थळ ब्लॉक केलं आहे. आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, दाद कुठे मागायची ते नाही. व्हीएलसी म्हणजे पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभं राहिलेलं, २००१ पासून खुल्या परवान्यावर असलेलं सॉफ्टवेअर. ते कुणाला आणि कशासाठी नको असेल, हे त्या ओळीवरून कळायला मार्ग नाही.

ठरलं : नोंदींची वही ठेवायची. कोणतं पान, कोणत्या जोडणीवर, कोणत्या तारखेला, कशा रीतीने बंद. मराठीत आणि सगळ्यांना बघता येईल अशी.

२४ एप्रिल

साधन ठरलं : ऊनी प्रोब. २०१२ पासून चालू असलेला खुला प्रकल्प आहे, फोनवर ॲप टाकलं की झालं. ते एकच पान दोन ठिकाणांहून मागवतं, एकदा आपल्या जोडणीवरून आणि एकदा बाहेरच्या सर्व्हरवरून, आणि दोन्ही उत्तरं ताडून बघतं. निकाल जगासमोर खुला राहतो. त्यात आपल्या कंपनीचा नेटवर्क क्रमांक जातो, आपला आयपी पत्ता नेहमीच्या सेटिंगमध्ये जात नाही.

तरी मदतीला आलेल्या मुलांना हे सगळं बसून सांगितलं, घरी विचारून या म्हटलं. भारताच्या चाचणी-यादीत सगळ्या प्रकारची संकेतस्थळं असतात. अश्लील आणि जुगाराचे विभाग आम्ही बंद ठेवले. घरची जोडणी वडिलांच्या नावावर असते, उद्या विचारणा झाली तर ती त्यांना होणार. एका मुलीच्या आईने नको म्हटलं. तिचं नाव काढलं, ती आता तक्ते सांभाळते.

जोडण्या : वाचनालयाचं केबलवाल्याचं फायबर, दोन मोबाइल कंपन्यांचा डेटा, एका घरचं ब्रॉडबँड. कंपन्यांची नावं वहीत अ, ब, क, ड अशी. भांडण कंपनीशी नाही.

१ मे

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे नवे निर्देश २८ एप्रिलला निघाले. व्हीपीएन, म्हणजे आपला व्यवहार दुसऱ्या सर्व्हरमार्गे झाकून नेणारी सेवा, देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेला आयपी पत्ता, वापरण्याचं कारण हे सगळं नोंदवून पाच वर्षं जपायचं. ज्यांची सेवाच मुळी "आम्ही काही साठवत नाही" या वचनावर उभी आहे, ते इथे सर्व्हर कसे ठेवतील?

मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली : व्हीपीएन वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. कंपन्यांची माणसं घरून काम करतात ती त्यावरच. पण २०२० मध्ये काश्मीरमध्ये पोलिसांनी व्हीपीएनवरून समाजमाध्यमं वापरणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले होते, तेही सांगितलं. तेव्हा तिथे टूजी आणि सरकारने मान्य केलेली मोजकी संकेतस्थळं एवढंच इंटरनेट होतं.

१५ मे

दिल्ली उच्च न्यायालयाचा ११ मेचा आदेश वाचला. आमच्या कामाच्या दृष्टीने या महिन्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

तनुल ठाकूर यांचं हुंड्याच्या प्रथेवर उपहास करणारं संकेतस्थळ होतं. 'तुमची हुंड्यातली किंमत किती' असं विचारून समाजाला आरसा दाखवणारं. २०१८ मध्ये ते ब्लॉक झालं. त्यांना नोटीस नाही, सुनावणी नाही. आदेशाची प्रत मागितली तर गोपनीय म्हणून नकार. आता न्यायालयाने सांगितलं की मूळ आदेशाची प्रत त्यांना द्या आणि त्यांचं म्हणणं ऐका.

कायदा असा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ब्लॉक करण्याचं कलम ६९अ २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २००९ च्या ऑक्टोबरपासून लागू झालं. देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या बाबतीतल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. एवढीच कारणं. सोबत २००९ चे नियम : नियम ८ प्रमाणे संबंधित माणसाला किंवा मध्यस्थाला (म्हणजे इंटरनेट किंवा संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला) नोटीस आणि उत्तराला किमान ४८ तास, नियम १४ प्रमाणे दर दोन महिन्यांनी आढावा समितीची बैठक. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देणारं ६६अ रद्द केलं आणि ६९अ मात्र राखलं. राखताना आधार हाच धरला की इथे लेखी कारणं आहेत, सुनावणी आहे, आव्हान देता येतं.

आणि मग नियम १६ : तक्रार, विनंती आणि कारवाई, सगळं काटेकोरपणे गोपनीय. ज्या सुरक्षेच्या भरवशावर कायदा टिकला, तिचा वापर करायला आदेश हातात हवा, आणि आदेश हातात येऊ द्यायचा नाही असा नियम. मला हे अजिबात पटत नाही. देशाच्या सुरक्षेसाठी एखादं पान बंद करावं लागेल, हे मान्य. पण ते सरकारने बंद केलं आहे आणि अमुक कारणाने केलं आहे, एवढं तरी ज्याचं पान आहे त्याला आणि जे वाचायला गेले त्यांना कळलंच पाहिजे.

१२ जून

एक्स्प्रेसव्हीपीएनने २ जूनलाच भारतातले सर्व्हर काढत असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ सर्फशार्कनेही.

आता मुख्य काम, बंद करण्याच्या पद्धती. मुलांना वाटत होतं ब्लॉक म्हणजे ब्लॉक. चारही जोडण्यांवर एकच पत्ता टाकून बघितल्यावर चित्र वेगळं निघालं.

वाचनालयाच्या फायबरवर (जोडणी अ) डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, पद्धत. एनएसलुकअपला व्हिडिओलॅनचा पत्ता विचारला की उत्तर येतं १२७.०.०.१, म्हणजे तुमचं स्वतःचंच यंत्र. नावाला खोटा पत्ता जोडून दिला की ब्राउझर जागच्या जागी फिरतो आणि चूक दाखवतो. सरकारी पाटी वगैरे काही नाही. वाचणाऱ्याला वाटतं संकेतस्थळच बंद पडलंय.

जोडणी ब वर पत्ता बरोबर येतो. साध्या एचटीटीपीने गेलं तर मधूनच कंपनीचं उत्तर घुसतं आणि ती एका ओळीची पाटी दिसते. एचटीटीपीएसने, म्हणजे कुलूपबंद जोडणीने, गेलं तर पाटी दाखवता येत नाही, कारण प्रमाणपत्र जुळणार नाही. तिथे नुसती जोडणी तुटते. म्हणजे ब्लॉक आहे हे कळणंसुद्धा तुम्ही कोणत्या दाराने गेलात यावर.

जोडणी क वर सर्वांत जास्त वेळ गेला. पत्ता बरोबर, सर्व्हर जिवंत, तरी क्रोम म्हणतो 'कनेक्शन रीसेट'. ओपनएसएसएल या जोडणी तपासायच्या साधनाने त्याच आयपी पत्त्यावर, ४४३ पोर्टवर जोडलं. सुरुवातीच्या निरोपात व्हिडिओलॅनचं नाव सांगितलं, तर त्याच क्षणी रीसेट. तेच यंत्र, तोच पत्ता, फक्त नाव भलतंच सांगितलं, तर सर्व्हरने प्रमाणपत्र पुढे केलं आणि हँडशेक (जोडणी जुळणं) पूर्ण! मुलांनी ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. हीच एसएनआय तपासणी, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला उघड जाणारं संकेतस्थळाचं नाव वाचणं. एसटीत कोण बसलंय हे रस्त्यावरच्याला दिसत नाही, पण पाटीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. कंपनीचं उपकरण ती पाटी वाचतं आणि गाडी तिथेच अडवतं. ती पाटी झाकणारं तंत्र, ईसीएच, अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे.

जोडणी ड वर व्हिडिओलॅन सरळ उघडलं. त्याच गावात, त्याच दिवशी.

आदेश जर एकच असेल तर असं कसं? २०२० च्या एका भारतीय अभ्यासात याचं मोठं चित्र आहे. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी ४,३७९ संकेतस्थळांची यादी घेऊन सहा कंपन्यांच्या जोडण्यांवर तपासली. देशातले ९८ टक्क्यांहून जास्त ग्राहक या सहांकडे. सहाही कंपन्यांनी बंद केलेली संकेतस्थळं निघाली १,११५. बाकीच्यांचं नशीब तुमचं सिम कोणाचं यावर. एसएनआय तपासणीची आपल्या देशातली पहिली नोंदही याच अभ्यासात.

१९ जून

आज वाद झाला, आणि चांगला झाला. फायबरवर फायरफॉक्समध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (पत्त्याची विचारणा बंद लखोट्यातून) चालू केलं की व्हिडिओलॅन उघडतं. नुसता गूगलचा डीएनएस ८.८.८.८ घालून भागत नाही, कारण साधा डीएनएस उघडाच जातो आणि वाटेत धरता येतो. बंद लखोट्यातला तसा धरता येत नाही.

एकाने विचारलं, "सर, दोन क्लिकमध्ये चालतंय, मग वही कशाला लिहायची?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे आजवर बहुतेकांनी हेच केलं. वाट काढली, मित्राला व्हॉट्सॲपवर सांगितली, विषय संपला. ज्याला वाट काढता येते त्याची तक्रार उरत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला तक्रार करायची आहे हेच कळत नाही. कक्षात रोज पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना डीएनएस कोण बदलून देणार? म्हणून कामाचा नियम ठरवला : आधी नोंद, मग वाट. पान उघडलं नाही की आधी चाचणी, तारीख, स्क्रीनशॉट. त्यानंतर खुशाल डीएनएस बदला.

१० जुलै

ट्विटरने ५ जुलैला कर्नाटक उच्च न्यायालयात ६९अ खालच्या काही आदेशांना आव्हान दिलं. मोठ्या कंपनीला वकील परवडतात. बघू.

या आठवड्यात जुन्या घटनांचं पान लिहिलं. मुलांपैकी काहींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून थोडं सविस्तर.

२००३ : याहू ग्रुप्सवरचा मेघालयातल्या एका फुटीरवादी संघटनेचा एक गट बंद करायचा होता. कंपन्यांनी सगळंच याहू ग्रुप्स बंद केलं.

२००६ : मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलैला स्फोट झाले. त्या आठवड्यात दूरसंचार विभागाने मोजक्या पानांची यादी पाठवली. कंपन्यांना एकेक पान वेगळं काढता आलं नाही, त्यांनी ब्लॉगस्पॉट आणि टाइपपॅड पुरतं बंद केलं. मराठीतले बहुतेक ब्लॉग तेव्हा ब्लॉगस्पॉटवर. लिहिणाऱ्यांना नवं पोस्ट टाकता येई, पण स्वतःचाच ब्लॉग वाचता येत नसे. तेव्हा वाट मिळाली ती शेजारून : पाकिस्तानात त्याच वर्षी व्यंगचित्रांच्या वादात ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, आणि तिथल्या वाचकांसाठी काढलेलं पीकेब्लॉग्स हे संकेतस्थळ आपल्याकडच्या ब्लॉगरांनी वापरलं. हे लिहिताना मुलं थबकली. काहींनी तेव्हाच माहितीचा अधिकार वापरला; तो कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं.

२०१२ : चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाच्या 'जॉन डो' (अनोळखी प्रतिवादींविरुद्धच्या) आदेशावरून मे महिन्यात व्हिमिओसकट अनेक संकेतस्थळं बंद. जूनमध्ये न्यायालयानेच स्पष्ट केलं की नेमकी पानं बंद करा, अख्खं संकेतस्थळ नको. तोवर मुंबईसह अनेक शहरांत मुखवटे घालून तरुण रस्त्यावर आले होते.

२०१४ : हे आपल्या दाराशी येतं. आयसिसच्या प्रचाराच्या तपासात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने मागणी केली, मुंबईच्याच न्यायालयाच्या आदेशावरून डिसेंबरमध्ये ३२ संकेतस्थळं बंद झाली. यादीत गिटहब, व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन आणि इंटरनेट आर्काइव्हही. ३१ डिसेंबरला पुण्या-मुंबईतल्या प्रोग्रामरांचं काम अडलं. ओरड झाली, काही संकेतस्थळांनी सहकार्याची हमी दिली आणि ती काही दिवसांत सुटली. जिथे ओरड करणारे लोक होते, ती आधी सुटली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२०१७ : पुन्हा इंटरनेट आर्काइव्ह. नव्या चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश, २,६०० हून जास्त संकेतस्थळांची यादी. जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो स्कॅन प्रती तिथे आहेत. आमचे ग्रंथपाल सर दुर्मीळ अंक बघायला तिथेच जातात.

संसदेत सरकारने दिलेले आकडेही तक्त्यात घातले. ६९अ खाली बंद केलेले पत्ते : २०१८ मध्ये २,७९९, २०१९ मध्ये ३,६३५, २०२० मध्ये ९,८४९, २०२१ मध्ये ६,०९६. यात समाजमाध्यमांवरची खाती आणि पोस्टही आहेत. न्यायालयांच्या आदेशाने बंद झालेली संकेतस्थळं यात नाहीत, ती वेगळी.

१४ ऑगस्ट

व्हीएलसीची बातमी आता सगळीकडे. इतके महिने लोक एकेकटे अडत होते, आता कळतंय की सगळेच अडले होते. माहितीच्या अधिकारात विचारणाऱ्यांना मंत्रालयाने 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर दिलंय. कोऱ्या पानावर मात्र आदेश त्याच मंत्रालयाचा म्हणून लिहिलंय!

आणि ज्याची भीती होती ते घडलं. एक मुलगा पेन ड्राइव्हवर व्हीएलसीची इन्स्टॉल फाइल घेऊन आला. मूळ संकेतस्थळ उघडत नाही म्हणून शोधात जो पहिला दुवा आला तिथून उतरवलेली. कक्षाच्या यंत्रात घालण्याआधी एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा, काढला. व्हिडिओलॅनने त्या आवृत्तीसाठी दिलेल्या आकड्याशी जुळेना. फाइलवर डिजिटल सही दुसऱ्याच कुणाची. त्याच्या डोळ्यांदेखत पुसली. तो म्हणाला, "दादा, नाव तर तेच होतं, शंकूचं चित्रपण तेच."

सुरक्षेच्या नावाखाली मूळ झरा बुजवला की लोक डबक्यावर जातात. व्हिडिओलॅनचे लोकही हेच सांगताहेत. कक्षाच्या भिंतीवर चिठ्ठी लावली : व्हीएलसी मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा प्ले स्टोअरवरूनच घ्या, उबुंटूवर असाल तर पॅकेज भांडारातून. दुसरीकडून नको.

११ सप्टेंबर

केबलवाल्याकडे आम्ही लेखी अर्ज दिला होता : हे संकेतस्थळ कोणत्या आदेशाने बंद आहे ते कळवावं. आज तो स्वतःच आला. मनाने सरळ माणूस.

"अहो सर, मला कुठला आदेश? वरून ज्यांच्याकडून मी बँडविड्थ घेतो तिथंच सगळं होतंय. मेलवर यादी येते म्हणे, ते टाकतात."

"यादीतून नाव काढलं असं पत्र येतं का कधी?"

"ते काय मला माहीत नाही. काढलं नाही तर कोण विचारतंय? आणि ठेवलं नाही तर जेल आहे."

तो खरं बोलला. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला ६९अ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. जास्त बंद केलं तर शिक्षा नाही, कमी बंद केलं तर आहे. मग प्रत्येक पायरीवरचा माणूस थोडं जास्तच बंद ठेवणार, आणि सोडायची घाई कुणालाच नसणार. जोडणी अ आणि ड मध्ये फरक का पडतो, याचं एक उत्तर इथे मिळालं.

त्याला ४५१ या एचटीटीपी संकेताबद्दल सांगितलं. कायदेशीर कारणाने पान देता येत नाही, असं ब्राउझरला रीतसर कळवायचा हा आकडा, २०१६ पासून प्रमाणित. कुणाच्या मागणीवरून बंद आहे तेही त्यात सांगायची सोय आहे. आमच्या चारही जोडण्यांवर हा संकेत एकदाही आला नाही.

२५ सप्टेंबर

सर्ट-इनच्या निर्देशांतली वाढीव मुदत आज संपली. प्रोटॉननेही तीन दिवसांपूर्वी इथले सर्व्हर काढत असल्याचं जाहीर केलं. सेवा बाहेरून चालू राहतील. मुलांच्या फोनवर मात्र फुकट व्हीपीएनची भलतीच ॲप दिसायला लागली आहेत. ती काढायला लावली. कंपनीवर विश्वास नाही म्हणून आपला सगळा व्यवहार अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा, हे बरं नव्हे.

९ ऑक्टोबर

व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या इंटरनेट-स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने दूरसंचार विभागाला आणि मंत्रालयाला कायदेशीर नोटीस दिली आहे. मागणी साधी : आदेशाची प्रत द्या, आमचं म्हणणं ऐका. मे महिन्यातल्या दिल्लीच्या आदेशाचा हा थेट उपयोग. मुलांना दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला लावले. कायदा पुस्तकातून बाहेर येऊन कसा चालतो ते दिसतं.

आमच्या तक्त्याचा खुला उतारा आज टाकला. तारीख, जोडणीचं अक्षर, पद्धत, ऊनीच्या निकालाचा दुवा.

१४ नोव्हेंबर

बंदी उठली. फाउंडेशनने जाहीर केलं, संध्याकाळी तपासलं. ब वर उघडलं. क वर उघडलं, ओपनएसएसएलला खरं नाव सांगूनही हँडशेक पूर्ण. अ वर अजून १२७.०.०.१.

का बंद केलं होतं, याचं जाहीर कारण आजही नाही. पण विचारणारे होते म्हणून सुटलं. यादीतल्या बाकीच्या हजारो पत्त्यांसाठी नोटीस देणारं कुणी नाही.

१९ नोव्हेंबर

अ वर आज सकाळी बरोबर पत्ता आला. केबलवाल्याने वर दोनदा फोन केला होता असं मॅडम म्हणाल्या. त्याचे आभार मानले.

पुढची कामं : चाचणी-यादीत मराठी संकेतस्थळं फार थोडी आहेत, ती भरायची; प्रत्येकाने आपल्या वाचनातली पाच सुचवावीत. इस्लामपूर आणि मिरजेतून एकेक जोडणी हवी. तक्त्यात 'सुटल्याची तारीख' हा रकाना वेगळा करायचा. अर्जाचा नमुना मराठीत तयार आहे, तो ग्रंथपाल सरांनी तपासला की वाचनालयाच्या फलकावर लावायचा.